पोट सावरतंय, धास्ती मात्र वाढतेय

प्रश्न : मी ३४ वर्षांची आहे, शाळेत शिकवते. पाच आठवड्यांपूर्वी रात्री एकाएकी उलट्या सुरू झाल्या आणि पहाटेपासून जुलाब. आदल्या संध्याकाळी बाहेर जेवले होते, त्यातलंच काहीतरी बाधलं असणार. (त्याच्या दोन दिवस आधी माझ्या चार वर्षांच्या मुलाचं पोट बिघडलं होतं आणि माझ्यानंतर नवऱ्याचं.) घरात अँटिबायोटिकच्या उरलेल्या गोळ्या होत्या, त्या दोन दिवस घेतल्या. उलट्या एका दिवसात थांबल्या, जुलाब तिसऱ्या दिवशी कमी झाले, पण तेव्हापासून पोट ताळ्यावर नाही. जेवण झालं की पंधरा-वीस मिनिटांत कळ येते आणि धावत जावं लागतं. कधी पातळ, कधी बरी. पोट फुगतं, वर्गात गुरगुरतं. दुधाने त्रास वाढतो असं वाटलं म्हणून दूध सोडलं, मग गहू, मग डाळी, फळं, भाज्या. सध्या भात, केळं आणि उकडलेला बटाटा एवढंच खाते. वजन अडीच किलोंनी उतरलं आहे. रक्त पडत नाही, ताप नाही, त्रासाने रात्री जाग येत नाही. जंतू अजून आत राहिले असतील का? पोट एकदा स्वच्छ करणारं औषध घ्यावं का? मुलाला पुन्हा असं झालं तर काय करू? त्या वेळी पाणी पाजलं की तो उलटी करायचा, म्हणून मी पाणीच बंद केलं होतं. पुढच्या महिन्यात प्रशिक्षणासाठी आठ तासांचा प्रवास आहे, तो रद्द करावा का?

उत्तर : तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलं आहे. आधी मुलगा, दोन दिवसांनी तुम्ही, मग नवरा. एखाद्या जेवणातून विषबाधा झाली तर ते जेवण जेवलेले लोक साधारण एकाच सुमारास आडवे होतात. जेवणात जंतूंनी आधीच तयार केलेलं विष असेल, तर बहुतेक वेळा १ ते ६ तासांतच उलट्या सुरू होतात. घरात एकेकाला दीड-दोन दिवसांच्या अंतराने गाठत जाणारा आजार हा बहुधा विषाणूचा असतो. नोरोव्हायरस हा त्यातला नेहमीचा. शरीरात शिरल्यापासून १२ ते ४८ तासांत तो उलट्या-जुलाब सुरू करतो आणि १ ते ३ दिवसांत आवरतो. तुमची हकीकत त्याच्याशी तंतोतंत जुळते. मुलाची उलटी पुसताना, त्याचे कपडे धुताना तो तुमच्याकडे आला असावा. त्या संध्याकाळच्या जेवणाचा याच्याशी काही संबंध नसावा.

मी हे इतकं ताणून सांगतोय, कारण पहिल्याच दिवशी दोष अन्नावर गेला आणि पुढचं सगळं त्या एका संशयातून घडत गेलं. बाहेरचं जेवण गेलं, मग दूध, मग गहू. आता ताटात तीन पदार्थ उरलेत. पोटाचा मूळ आजार तुमच्या शरीराने केव्हाच हटवला आहे. उरलं आहे ते सावरणं, आणि त्या सावरण्यात तुमची भीती आडवी येते आहे. तुमचा त्रास मनाचा खेळ आहे असं मी म्हणत नाही. कळ खरी आहे, फुगणंही खरं आहे. पण त्याचा अर्थ तुम्ही लावलाय तसा नाही.

त्या तीन दिवसांत आत काय झालं ते आधी पाहू. आपण दिवसाला दोनेक लिटर पाणी पितो-खातो, आणि लाळ, जठररस, पित्त, आतड्यातले स्राव मिळून शरीर स्वतःचं आणखी सहा-सात लिटर त्यात ओततं. म्हणजे रोज आठ-नऊ लिटर द्रव आतड्यातून जातो आणि त्यातला जवळजवळ सगळा पुन्हा रक्तात शोषला जातो. मलावाटे बाहेर पडतं ते जेमतेम १०० ते २०० मिलिलिटर. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे बारीक केसाळ उंचवटे असतात, शोषण्याचं बरंचसं काम त्यांचं. विषाणू नेमका त्यांच्यावर घाला घालतो. शोषण थोडंसं जरी मंदावलं, तरी आठ लिटरांतलं किती पाणी खाली उतरेल याचा विचार करा. म्हणून जुलाबात माणूस काही तासांत गळून जातो, त्याने काहीही खाल्लेलं नसलं तरी.

आता मुलाबद्दल. प्रश्न तुम्ही शेवटाकडे विचारलात, पण मला त्याचंच उत्तर आधी द्यायचं आहे, कारण पाणी बंद करणं ही एकच गोष्ट तुमच्या हातून अशी झाली जी फार महागात पडू शकली असती. तुम्हाला दोष देत नाही. उलटीवाटे पाणी बाहेर पडताना पाहिलं की कुणालाही वाटतं, नकोच द्यायला. माझ्या उमेदवारीच्या काळात रात्री एक आई दीड वर्षांच्या मुलीला घेऊन आली होती. दिवसभर पोराला पाणी नव्हतं, त्याच कारणाने. मुलगी रडत होती, पण डोळ्यांतून टिपूस येत नव्हतं. डोळे आत गेलेले. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती सावकाश, ओल्या कापडासारखी खाली बसत होती. आम्ही तिच्या आईच्या हातात वाटी-चमचा दिला आणि घड्याळासमोर बसवलं. दर मिनिटाला एक चमचा. मध्ये एकदा उलटी झाली, दहा मिनिटं थांबलो, पुन्हा चमचा. पहाटे कधीतरी त्या मुलीने आईची मांडी ओली केली आणि ती बाई रडायलाच लागली. लघवी झाली म्हणून आनंदाने रडणारी आई मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

त्या वाटीत होतं ते साखर-मिठाचं पाणी, ज्याला आपण ओआरएस म्हणतो. ते चालतं कसं हे कळलं, की त्याच्यावर विश्वास बसतो. आतड्याच्या पेशींवर एक दार असं आहे जे साखर आणि सोडियम जोडीनं आलं की दोघांना आत घेतं, आणि त्यांच्यामागोमाग पाणी ओढलं जातं. रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने ही जोडी १९६० मध्ये मांडली. जुलाबांत इतर बरीच कामं बिघडली तरी हे दार बऱ्याच अंशी उघडं राहतं. नुसतं पाणी दिलं तर ते पुरतं शोषलं जात नाही. योग्य प्रमाणात साखर-मीठ घातलं की जातं. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून, आलेल्या निर्वासितांमध्ये पटकीची (कॉलऱ्याची) साथ पसरली. पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या इस्पितळात शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांत हेच पाणी कालवून ते नातेवाइकांकरवी रुग्णांना पाजायला सुरुवात केली. जिथे रुग्णांमागे ३० टक्क्यांच्या आसपास मृत्यू होत होते, तिथे ते प्रमाण ४ टक्क्यांच्याही खाली आलं. पाजणारे हात डॉक्टरांचे नव्हते, आया-बापांचे आणि भावंडांचे होते. महालनबीस २०२२ मध्ये गेले, पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. जगभर किती लेकरं त्यांच्या त्या निर्णयामुळे वाचली असतील! मला तर पुडी फोडताना दर वेळी त्यांची आठवण येते.

तर पुढच्या वेळी असं करा. पुडीवर किती पाण्यात कालवायची ते लिहिलेलं असतं, तेवढंच पाणी मोजून घ्या. काही पुड्या एक लिटरच्या असतात, काही २०० मिलिलिटरच्या, आणि गफलत नेमकी इथे होते. मोठी पुडी अर्धी-अर्धी करून अंदाजे घालू नका. कालवलेलं पाणी २४ तासांनी टाकून द्या. पुडी नसेल आणि मिळण्यासारखी नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. मीठ त्याहून जास्त होता कामा नये, लहान मुलाला ते घातक ठरतं. शीतपेयं, डब्यातले फळांचे रस, खेळाडूंसाठीची पेयं यांनी काम भागत नाही. त्यांत साखर इतकी असते की ती आतड्यातच पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात.

उलटी झाली की दहा मिनिटं थांबा. मग दर एक-दोन मिनिटांनी एक छोटा चमचा. पेला तोंडाला लावू देऊ नका, तहानलेलं मूल गटागटा पितं आणि सगळं उलटून टाकतं. चमच्याने जाणारं पाणी थोडं दिसतं, पण मोजून बघा, मिनिटाला पाच मिलिलिटर म्हणजे तासाला ३०० मिलिलिटर झाले. एखादी उलटी झाली तरी त्यातलं बरंच आत राहिलेलं असतं. प्रत्येक पातळ शौचानंतर तुमच्या मुलाच्या वयाला १०० ते २०० मिलिलिटर, दोन वर्षांखालच्या बाळाला ५० ते १०० मिलिलिटर अशा हिशोबाने देत राहायचं. अंगावर पिणारं बाळ असेल तर अंगावरचं दूध एकदाही चुकवायचं नाही. भूक लागली की नेहमीचं मऊ जेवण द्या, उपाशी ठेवून आतडं लवकर बरं होत नाही. पाच वर्षांखालच्या मुलांना डॉक्टर बहुधा १० ते १४ दिवस झिंकही देतात, तो जुलाब थांबले म्हणून मध्येच सोडू नका. आणि मोठ्यांच्या जुलाब बंद करणाऱ्या गोळ्या मुलाला देऊ नका, अगदी पाव तुकडाही नको.

मूल सुस्त पडलं, हाक मारल्यावर नीट बघत नसेल, सहा-आठ तासांत लघवी नसेल, रडताना डोळ्यांत पाणी नसेल, चमच्याचं पाणीही टिकत नसेल, शौचात रक्त असेल, उलटी हिरवी असेल किंवा पोट टणक लागत असेल, तर सकाळची वाट पाहू नका. तडक दवाखाना गाठा. वयोवृद्ध माणसाला, गरोदर बाईला आणि मूत्रपिंडाचा किंवा मधुमेहाचा विकार असलेल्या कुणालाही हीच घाई लागू आहे.

आता तुमच्या पोटाकडे वळू.

जेवणानंतर वीस मिनिटांत तुम्ही धावता, तेव्हा तुम्हाला वाटतं की नुकतंच खाल्लेलं बाहेर आलं. तसं होत नाही. घास जठरातून पुरता खाली उतरायलाच दोन ते चार तास लागतात, आणि तिथून मलाशयापर्यंत पोचायला बहुधा एक दिवस तरी, कधी दोन-तीन. वीस मिनिटांनी जे पडतं ते काल-परवाचं असतं. जठर ताणलं गेलं की ते मोठ्या आतड्याला इशारा देतं, नवं येतंय, जागा कर. हा इशारा प्रत्येक माणसात असतो. म्हणून तान्ह्या बाळाचं दूध पिता पिताच लंगोट खराब होतं आणि बऱ्याच जणांना सकाळच्या न्याहारीनंतर जावं लागतं. संसर्गानंतर काही काळ आतडं हुळहुळं होतं आणि त्याच इशाऱ्याला ते जरा जास्तच जोराने उत्तर देतं.

याचा अर्थ काय होतो बघा. त्या दिवशी तुम्ही गहू खाल्लात आणि वीस मिनिटांत कळ आली. तुम्ही गव्हाला शिक्षा केलीत. कळ भातानेही आली असती. तुमच्याच पत्रात पुरावा आहे, तीनच पदार्थांवर येऊनही जेवणानंतरची धाव थांबलेली नाही. पदार्थांचा दोष असता तर एव्हाना पोट शांत व्हायला हवं होतं.

दुधाबद्दलचा तुमचा अंदाज मात्र बरोबर असू शकतो. दुधातली साखर फोडणारं पाचकद्रव्य, लॅक्टेज, त्या केसाळ उंचवट्यांच्या टोकावर तयार होतं आणि आजारात आधी झडतात ती टोकंच. आतड्याचं अस्तर तीन ते पाच दिवसांत नवं होतं हे खरं, पण लॅक्टेजचं काम पूर्ववत व्हायला काही आठवडे जातात. तोवर न फुटलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, तिथले जीवाणू ती खातात, वायू होतो, पोट फुगतं, पाणी सुटतं. हे तात्पुरतं असतं. दूध कायमचं सोडायची गरज नाही, उशिरा आणि थोडं थोडं सुरू करायचं आहे.

जंतू आत राहिले का, हे तुम्ही विचारलंत. विषाणू तुमच्या शरीराने स्वतःच घालवला. अँटिबायोटिकचा त्यात वाटा नाही, ते विषाणूवर चालतच नाही. उलट आतड्यात राहणाऱ्या उपकारक जीवाणूंची त्याने नासधूस होते आणि जुलाब लांबायला तेही एक कारण ठरू शकतं. उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी जपून ठेवू नका. पोट स्वच्छ करणारं औषध तर नकोच. आतडं आधीच हुळहुळं आहे, त्याला आणखी डिवचून काय मिळणार? तिथे साठून राहिलेली घाण वगैरे काही नसते.

पण एक गोष्ट मी कागदावरून ठरवणार नाही. चार आठवड्यांहून जास्त काळ शौच पातळ राहिली आणि वजन उतरलं, तर एकदा डॉक्टरांनी तपासायला हवंच. वजन बहुधा तुमच्या ताटामुळे उतरलं आहे, तरी खात्री करून घेऊ. जिआर्डिया नावाचा एक परजीवी असतो, तो आठवडेच्या आठवडे फुगणं, घाण वासाचे ढेकर आणि पातळ शौच चालू ठेवतो. मलाच्या तपासणीत तो सापडतो आणि योग्य औषधाने जातो. त्याबरोबर रक्ताची साधी तपासणी, थायरॉइड, आतड्याला सूज आहे का हे सांगणारी मलाची कॅलप्रोटेक्टिन चाचणी आणि सीलिॲकची रक्तचाचणी, एवढं डॉक्टर बहुधा सुचवतील. अँटिबायोटिक घेतलं होतं हे त्यांना आवर्जून सांगा, त्यानंतर बळावणारा एक वेगळा जंतू असतो आणि त्याची तपासणी वेगळी असते. आणि एक महत्त्वाचं. सीलिॲक म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होण्याचा विकार. त्याची चाचणी करायची तर गहू पोटात जात असला पाहिजे. गहू सोडून काही आठवडे झाले असतील, तर विकार असूनही चाचणी नसल्याचं सांगू शकते. गहू सोडणं हा तुम्ही उपाय समजलात, पण त्याने निदानाची वाटच अडते. तेव्हा सगळ्यात आधी गहू परत आणा आणि किती दिवस खाल्ल्यावर चाचणी करायची ते डॉक्टरांना विचारा.

तपासण्या स्वच्छ आल्या, आणि बहुधा तशाच येतील, तर याला म्हणतात संसर्गानंतरचं चळलेलं आतडं. पोटाच्या अशा आजारानंतर साधारण दहातल्या एकाला ते होतं. आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी मज्जातंतू असतात, त्यांची मेंदूशी अखंड देवाणघेवाण चालू असते. भीती वाटली की आपण म्हणतो पोटात गोळा आला. ही नुसती बोलायची पद्धत नाही, तो गोळा खराच असतो. सकाळी शाळेला निघताना तुम्ही मनात म्हणता, आज वर्गात काही झालं तर? तो विचार आतड्यापर्यंत पोचतो, आतडं आवळतं, गुरगुरतं, आणि तुम्हाला वाटतं न्याहारीनेच घात केला. मग उद्या न्याहारीतून आणखी काहीतरी वजा होतं. बऱ्याच जणांचं हे सगळं महिन्यागणिक कमी होत जातं, पण ताट मोठं करत गेलं तर.

म्हणून ताट असं वाढवा. आधी गहू, पहिल्या दिवशी ब्रेडचा एक तुकडा, दोन-तीन दिवसांत नेहमीइतका. मग तीन-तीन दिवसांच्या अंतराने एकेक पदार्थ. शिजवलेल्या भाज्या आधी, कच्च्या नंतर. डाळी सालीशिवाय, चांगल्या शिजवलेल्या, पहिल्यांदा दोन-तीन चमचेच. फळांत केळं आहेच, त्याला पपई किंवा संत्रं जोडा. दही दुधाच्या आधी सुरू करा, त्यातली बरीच साखर विरजणाने फोडलेली असते. दूध शेवटी, अर्धा कप आणि जेवणासोबत, रिकाम्या पोटी नाही. नवा पदार्थ आणल्यावर पोट जरासं कुरकुरलं तर तो लगेच काढू नका. तीन दिवस द्या. सलग तिन्ही दिवस ठळक त्रास झाला तरच पंधरा दिवस बाजूला ठेवा आणि पुन्हा करून पाहा. वही घालून प्रत्येक घासाची नोंद मात्र करू नका. काही जणांना तिचा उपयोग होतो, पण तुमच्यासारख्या धास्तावलेल्या माणसाचं त्या वहीने लक्ष चोवीस तास पोटाकडेच लागून राहतं.

जेवण थोडं थोडं, ठरलेल्या वेळी, बसून. कॉफी आणि साखरविरहित गोळ्या-च्युइंगम काही दिवस कमी करा. त्या गोळ्यांतलं सॉर्बिटॉल भल्याभल्यांचं पोट हलवतं. इसबगोल एक छोटा चमचा, भरपूर पाण्याबरोबर, आठवडाभराने दोन. जुलाबातही ते चालतं, कारण ते पाणी धरून ठेवतं. कळ फार असेल तर डॉक्टर आतड्याची आवळण सैल करणारी गोळी किंवा पुदिन्याच्या तेलाच्या कॅप्सूल देतील. पोट दुखतं म्हणून आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नका, जठराच्या अस्तराला त्या झोंबतात.

घरात पुन्हा कुणाला उलट्या-जुलाब झाले तर हात साबण-पाण्याने धुवा, बोटांच्या बेचक्यांतून, वीस सेकंद. सॅनिटायझरवर विसंबू नका, नोरोव्हायरस त्याला पुरता दाद देत नाही. आणि आजारी माणसाने त्रास थांबल्यावरही ४८ तास इतरांसाठी स्वयंपाक करू नये. मुलालाही तेवढे दिवस शाळेत पाठवू नका.

हे उत्तर वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी दोन शब्द. या पत्रातली लक्षणं मला धीर देतात, कारण रक्त नाही, ताप नाही, रात्रीची झोप शाबूत आहे. तुमच्यापैकी कुणाला शौचात रक्त दिसत असेल, शौच डांबरासारखी काळी आणि चिकट होत असेल (लोहाच्या गोळ्यांनीही ती काळी होते, ते आधी आठवून पाहा), दुखणं बेंबीपाशी सुरू होऊन उजव्या बाजूला खाली सरकत असेल, रात्री जुलाबाने उठावं लागत असेल, काही न सोडता वजन उतरत असेल किंवा पन्नाशीनंतर शौचाची सवय अचानक बदलली असेल, तर या उत्तरातला एकही उपाय करत बसू नका, आधी दाखवा. आणि छातीच्या मधोमध दाब, सोबत घाम, जबड्यात किंवा हातात कळ, हे ॲसिडिटी म्हणून अंगावर काढू नका. त्यात माणसं दगावतात.

राहिला तुमचा प्रवास. तिकीट रद्द करू नका. त्याआधी डॉक्टरांकडे जाऊन या. रक्त नाही, ताप नाही आणि तपासणीत संसर्ग नाही असं ठरलं, तर लोपेरामाइड या जुलाब रोखणाऱ्या औषधाची एक गोळी जवळ ठेवायला त्यांची हरकत नसावी. ती लागेलच असं नाही, पण पर्समध्ये असली की पोटातला निम्मा गोळा तिथेच विरतो असा माझा अनुभव आहे. निघायच्या दोन तास आधी नेहमीची न्याहारी करा, उपाशी निघू नका. न्याहारीनंतर येणारी ती धाव घरीच उरकेल. जागा स्वच्छतागृहाजवळची घ्या, ओआरएसच्या दोन पुड्या आणि पाण्याची बाटली सोबत. आणि शाळेत एखाद्या सहकारी बाईंना विश्वासात घेऊन सांगून ठेवा, मला मध्येच पाच मिनिटं जावं लागलं तर माझ्या वर्गाकडे बघाल का? कुणीही नाही म्हणणार नाही.